तीनदा विचारायचं असतं

आईंच्या पहिल्या 'नको'ला त्या घरात काडीची किंमत नव्हती. चहा टाकू का, नको. पंखा लावू का, नको. दुखतंय का, डॉक्टरकडे जायचं का, नको आणि नको. दुसऱ्यांदा विचारलं की त्या नकोला एखादं कारण चिकटायचं: तुला उशीर होईल, उगाच गॅस कशाला पेटवतेस, आत्ता कुठे टेकलीयेस. तिसऱ्यांदा विचारलं की मग खरं काय ते बाहेर यायचं, आणि बहुतेक वेळा ते 'बरं, कर' असायचं. आई मोठ्या खटल्यात वाढल्या होत्या. तिथे पहिल्याच विचारण्याला हात पुढे करणारी पोर हावरट ठरायची. पुढे त्यांचा स्वतःचा संसार झाला, नवरा गेला, दोन्ही मुलांची लग्नं झाली, तरी ती खोड काही गेली नाही.

सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचा भाबडा समज असा, की नको म्हणजे नको. रोज सकाळी ती सासूला चहा विचारायची, नको ऐकायची आणि आपल्यापुरता कपभर करून मोकळी व्हायची. आठवडा सरता सरता नवऱ्याने विचारलं, "आईने चहा सोडला की काय?" तेव्हा सगळा उलगडा झाला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मात्र ती त्यात तयार झाली. इतकी, की पोटच्या मुलांना कधी न दिसलेली एक खूण तिला दिसली. आईंच्या खोट्या नकोला कारण असायचं, खऱ्या नकोला नसायचं. मनापासून नको असलं की त्या नुसतं 'नको' म्हणत आणि तोंड दुसरीकडे फिरवत. मग कुणी कितीही डोकेफोड केली तरी उपयोग नसे.

तिला हे कळावं यात नवल नव्हतं. ती एका चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जाड फ्रेम चढवायची, तीत काच सरकवायची आणि विचारायची, ही बरी की आधीची? पहिलं उत्तर ती कधी लिहून घेत नसे. माणसं आधी समोरच्याचं मन राखतात, मग गोंधळतात आणि मग नीट बघून सांगतात. अर्थात, फार वेळा विचारलं की कंटाळून कशालाही हो म्हणतात, हेही ती ओळखून होती.

आता त्या वेबसाइटचं. ती सूनबाईनेच शोधली होती, हे आधी सांगितलेलं बरं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर होते. शेवटी त्यांना नळ्या लावून बरेच दिवस ठेवलं होतं आणि दवाखान्याच्या जिन्यात त्यांची मुलं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. नळ्या काढा म्हणणारा एक, काढाल तर याद राखा म्हणणारा दुसरा. मास्तरांना स्वतःला काय हवं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. सूनबाई त्यांना बघून आली ती हादरूनच. आपल्या घरी असं नको, म्हणून तिने शोधाशोध केली आणि नवऱ्याला एक लिंक पाठवली. शेवटच्या आजारपणात काय करायचं, काय नाही, ते माणसाने शुद्धीत असताना ठरवून ठेवायचं, अशी ती सोय होती. एकेक प्रश्न यायचा, खाली उत्तरं: हो, नको, अजून ठरवलेलं नाही. उत्तर दिलं की वरची हिरवी पट्टी थोडी पुढे सरकायची.

तिचा नवरा, ज्याला आई लाडाने आणि रागाने दोन्ही वेळा चिरंजीव म्हणत, एका मोठ्या गोदामाचा व्यवस्थापक होता. दिवसभरात किती माल आला, किती गेला, किती अडकून पडला, हे बघण्यात त्याचा जन्म गेलेला. अर्धवट पट्टी त्याच्याच्याने बघवत नसे. पुन्हा मायेत कमी नाही, आईसाठी रात्रीचा दिवस करणारा माणूस. एका रविवारी सूनबाई दुकानात होती. रविवारीच तिथे झुंबड असते. इकडे चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, आईला शेजारी बसवलं आणि दुपारच्या आत काम फत्ते केलं.

संध्याकाळी त्याने कौतुकाने ते बायकोला दाखवलं. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार. खाली अभिनंदनही केलेलं होतं. कशाबद्दल, ते त्या वेबसाइटलाच ठाऊक. एक प्रत घरच्या डॉक्टरांना गेली होती, एक मोठ्या दवाखान्याला.

सूनबाई वाचत गेली. श्वासाचं मशीन, नको. अतिदक्षता विभाग, नको. नळीतून अन्न, नको. हृदय बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, नको. प्रत्येकाखाली 'का' म्हणून एक चौकट होती आणि चिरंजीवांनी आई म्हणाली ते जसंच्या तसं तीत टाइप केलं होतं. मुलांना त्रास नको. त्याला सुट्टी मिळत नाही. खर्चात पाडायचं नाही. सुनेचे पाय दुखतात.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

"तू तीनदा विचारलंस ना?" तिने विचारलं.

"अगं, हे काय चहाचं आहे का?" तो हसला. "जन्ममरणाचं विचारतोय मी. यात कोण कशाला आढेवेढे घेईल?"

तिचे पाय खरंच दुखत होते. दिवसभर उभं राहून अंगात त्राण उरलं नव्हतं, आणि सासूच्या मरणाचा विषय जेवायच्या वेळी सुनेने किती ताणायचा, हाही प्रश्न होताच. तिने विषय सोडला. आई शांतपणे बातम्या बघत होत्या.

थंडी सरता सरता आईंना खोकला झाला. दवाखान्यात जायचं का, नको. जाऊ या ना, नको गं, बरा होईल, तुझी रजा जाईल. आई, चला, बरं, जाऊन येऊ. सकाळी हे एवढं बोलणाऱ्या आई दुपारी मोठ्या दवाखान्याच्या आतल्या खोलीत होत्या. तोंडावर घट्ट मास्क, बाजूला फुसफुसणारं यंत्र आणि डोळे अर्धे मिटलेले.

डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. चाळिशीच्या, केस घाईत बांधलेले, चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. एरवी सूनबाईचा हात तो नीट बसवायला शिवशिवला असता. आता तिचं लक्ष फक्त त्यांच्या तोंडाकडे होतं.

"दोन्ही बाजूंना न्यूमोनिया आहे," त्या म्हणाल्या. "औषध चालू केलंय, पण त्याला वेळ लागतो. मास्कवर त्या तेवढा वेळ काढतील असं मला वाटत नाही. एरवी मी घशातून नळी घालून त्यांना मशीनवर घेतलं असतं. पण त्यांनी वेबसाइटवर भरलेली योजना आमच्याकडे आली आहे. तीत मशीनला स्पष्ट नकार आहे."

"हो," चिरंजीव म्हणाला. "मीच शेजारी बसून भरली. तिने स्वतः सांगितलं."

"मग आम्ही मशीन लावणार नाही. धाप कमी वाटेल, त्रास होणार नाही, याची औषधं देऊ. तुम्ही जवळ बसू शकता."

जवळ बसू शकता म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं. चिरंजीव मान खाली घालून बाकड्यावर बसला.

"मशीन लावलं तर वाचतील?" सूनबाईने विचारलं.

"वाचू शकतात. न्यूमोनिया बरा होण्यासारखा आहे. पण फुप्फुसं जुनी आहेत. मशीनवरून सुटतीलच असं मी लिहून देणार नाही."

"डॉक्टर, तो नकार खरा नाही."

नवऱ्याने मान वर केली. डॉक्टरीण बाईंनी चष्मा वर ढकलला.

"म्हणजे? त्या तेव्हा शुद्धीत नव्हत्या?"

"होत्या. पण त्यांना एकदाच विचारलं." हे किती खुळचट वाटतंय ते तिला कळत होतं, तरी ती थांबली नाही. "त्या पहिल्यांदा कशालाच हो म्हणत नाहीत. त्यांना तीनदा विचारावं लागतं. घरातल्या कुणालाही विचारा."

"अगं ए," चिरंजीव उठलाच. "तू काय बोलतेयस? आईने ठरवलंय. मजेत बसून, डोकं ठिकाणावर असताना ठरवलंय. आता तिचा जीव घाबरा झालाय तेव्हा जाऊन विचारणार? आणि तेही तीनदा? ती दमून हो म्हणेल. तू तिच्याकडून वदवून घेशील."

हा घाव वर्मी बसला, कारण नेमकी तीच धास्ती तिलाही होती. तरी ती म्हणाली, "तू 'का'च्या चौकटीत काय लिहिलंस ते आठव. सुट्टी. खर्च. माझे पाय. त्यात त्यांचं स्वतःचं एक तरी कारण आहे का?"

"ती तशीच आहे. आयुष्यभर दुसऱ्याचाच विचार केला तिने."

"तेच म्हणतेय मी."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नणंद दुसऱ्या शहरात असायची. ती निघाली होती, पण पोचायला संध्याकाळ होणार होती. चिरंजीवाने दोन शब्दांत सगळं सांगितलं आणि फोन बायकोच्या हातात दिला.

"हे बघ," नणंद म्हणाली. ती रडलेली होती, पण आवाज कडक. "आईने मलाही सांगितलं होतं, मला मास्तरांसारखं ठेवू नका. तिने ठरवलंय ते होऊ दे. तू मध्ये पडू नकोस. उद्या ती मशीनवर अडकून पडली, तर तिच्या हालांना तू जबाबदार. मी कधी विसरणार नाही."

"ताई, मी लावा म्हणत नाहीये. विचारा म्हणतेय."

"तुला काय सिद्ध करायचंय?"

सूनबाईने फोन नवऱ्याला परत दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. खरंच, आपल्याला काय हवंय? लिंक आपण पाठवली, मग आपल्या डोक्यावर पाप नको, म्हणून तर ही धडपड नाही? उलटही होतं. आई गेल्या तर सकाळी लवकर उठणं संपेल, औषधांच्या वेळा संपतील, असा विचार गेल्या काही महिन्यांत तिच्या मनात येऊन गेला होता. आला होता, तिने तो हाकललाही होता. म्हणजे मशीन लावा म्हणावं तरी आपण स्वार्थी, लावू नका म्हणावं तरी आपणच. गप्प बसणं सगळ्यांत सोपं होतं. कुणी बोट दाखवलं नसतं. चांगली सून म्हणून नाव झालं असतं, वर दोन दिवस लोकांनी तिलाच जपलं असतं.

आतून यंत्राचा आवाज आला, भराभर टुंटुं करणारा. नर्स धावत गेली. आवाज थांबला.

डॉक्टरीण बाई आत जाऊन आल्या. "थोडं सावरलंय," त्या म्हणाल्या. "मास्कने रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड जरा उतरलाय, त्यामुळे गुंगी कमी झालीये. हाक मारली तर ओ देतायत. ऐका. ही योजना कशासाठी असते, तर माणूस बोलू शकत नसेल तेव्हासाठी. ते तिच्यातच खाली लिहिलेलं असतं, पण तिथपर्यंत कुणी वाचत नाही. त्या जर समजून बोलू शकल्या, तर त्यांचं आत्ताचं बोलणं त्या कागदापेक्षा मोठं. पण फार वेळ नाही. मास्क काढला की ऑक्सिजन घसरतो. आणि एक सांगते," त्यांनी सूनबाईकडे रोखून बघितलं. "तीनदा विचारलं की खूप लोक हो म्हणतात. मी बाजूला उभी राहणार. तुम्ही रेटताय असं वाटलं तर मी थांबवीन."

"थांबवा," सूनबाई म्हणाली.

"मी नाही येत आत," चिरंजीव म्हणाला. मग तिच्या आधी तोच दारातून शिरला.

खोलीत पडदे ओढून केलेला एक कोपरा होता, त्यात आईंची खाट. डोकं उंच केलेलं. मास्कच्या पट्ट्यांनी गालांवर लाल वळ उठले होते आणि गळ्याजवळचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. घरी उशीलाही सरळ टेकून न बसणारी बाई अशी बांधल्यासारखी दिसल्यावर चिरंजीवाने तोंड फिरवलं. नर्सने मास्क सोडवला आणि हातातच धरून ठेवला.

"आजी, कुठे आहात तुम्ही?" डॉक्टरीण बाईंनी विचारलं.

"दवाखाना," आई म्हणाल्या. एका श्वासात एकच शब्द मावत होता. "दुसरं... काय."

"हे कोण?"

"चिरंजीव." त्यांनी बघितलं. "रडका."

डॉक्टरीण बाईंनी सूनबाईला मान डोलावून खूण केली. सूनबाई खाली वाकली, आईंना तोंड दिसेल इतकी. तिने आवाज सपाट ठेवला, दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत ठेवायची तसा.

"आई, मास्क पुरत नाहीये. घशातून नळी घालून मशीनवर श्वास देता येईल. तेव्हा झोपेचं औषध देतील, बोलता येणार नाही. बऱ्या झालात की काढतील. पण सुटालच असं नाही. नाही लावलं तर इथेच, त्रास होऊ न देता... पण मग वाचणं कठीण आहे. मशीन लावायचं का?"

"नको," आई म्हणाल्या.

मास्क पुन्हा बसला. यंत्र फुसफुसलं. चिरंजीव पुटपुटला, "झालं? ऐकलंस?" बाजूच्या मॉनिटरवरचे आकडे घसरले होते, ते सावकाश वर चढायला लागले. सूनबाईला आकड्यांतलं काही कळत नव्हतं. ती नर्सच्या चेहऱ्यावरून अंदाज घेत होती. नर्सने मान हलवली आणि मास्क सैल केला.

"आई, पुन्हा विचारते. मशीन लावायचं का?"

"नको." श्वास. "याची... सुट्टी." श्वास. "तुझं... दुकान. किती दिवस... बसाल."

सूनबाईने नवऱ्याकडे बघितलं नाही. तरी तो हलल्याचं तिला कळलं. त्याने खाटेचा कठडा धरला होता. सुट्टी. त्या रविवारी हाच शब्द त्याने स्वतःच्या हाताने चौकटीत लिहिला होता, एक चूक न करता.

मास्क बसला. या वेळी आकडे वर यायला जास्त वेळ लागला. डॉक्टरीण बाई पुढे सरकल्या. "एकदाच आता," त्या हळूच म्हणाल्या.

सूनबाईच्या जिभेवर किती तरी शब्द आले. लावू या ना, आई. आम्हाला तुम्ही हव्या आहात. यातला एक जरी तोंडातून गेला असता, तरी आईंनी हो म्हटलं असतं, सुनेचं मन राखायला. ते हो त्या रविवारच्या नकोइतकंच खोटं झालं असतं. तिने ते सगळे शब्द गिळले. मास्क निघाला.

"आई, सुट्टीचं आम्ही बघू. आम्हाला बाजूला ठेवा. तुम्हाला काय हवंय?"

सूनबाई त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. तोंड फिरलं तर ते खरं नको, मग तिथेच थांबायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. ती वाट बघत राहिली. यंत्र टुंटुं करायला लागलं. नर्सचा हात मास्ककडे गेला, डॉक्टरीण बाईंनी तो थोपवला.

तोंड फिरलं नाही.

"भीती... वाटते गं," आई म्हणाल्या.

त्या घरात हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही नाही.

"कशाची, आई?"

"दोन्हीची." बराच वेळ नुसता श्वास. "हे... असं... जायची. नि मास्तरांसारखं... अडकायची."

सूनबाईचे तीन प्रश्न संपले होते. पुढचं आईच बोलल्या.

"लावा. थोडे दिवस... बघा. नाही जमलं... तर काढा. ठेवू नका."

डॉक्टरीण बाईंनी स्वतः मास्क बसवला आणि आईंच्या कानाशी वाकल्या. "आजी, असं करता येतं. थोडे दिवस मशीन लावून बघू. सुधारणा दिसली तर पुढे, नाही दिसली तर काढू आणि त्रास होऊ देणार नाही. हेच म्हणताय ना?"

आईंनी मान हलवली. हिरव्या पट्टीच्या त्या वेबसाइटवर असं उत्तर द्यायची जागाच नव्हती. असलीच तर चिरंजीवाने ती ओलांडली होती. तो आता उघड रडत होता, आणि त्याला ते लपवायचंही सुचत नव्हतं. "आई, मला नाही कळलं गं," तो म्हणाला. आईंनी बोटं हलवली, राहू दे म्हणतात तशी.

बाहेरून माणसं बोलावली गेली. कुणी ट्रे आणला, कुणी खाटेची चाकं सोडवली. सूनबाईच्या जीवात जीव आला होता. तीनदा विचारून झालं, जे खरं होतं ते बाहेर आलं, आता डॉक्टर आणि त्यांचं मशीन. ती बाजूला सरकायला लागली.

"एक राहिलं," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "आजी, तुम्ही झोपेत असाल. पुरे झालं, आता काढा, हे मला कुणी तरी तुमच्या वतीने सांगायला लागेल. योजनेत मुलाचं नाव आहे. तेच ठेवू?"

नर्सने मास्क किंचित उचलला. आईंनी मुलाकडे बघितलं. खूप मायेने बघितलं, त्यात काही तक्रार नव्हती. मग बोट उचललं आणि सुनेकडे केलं.

"ही," त्या म्हणाल्या. "ही... विचारते."

सगळे सूनबाईकडे वळले. पुढे जे येणार होतं ते तिला एका क्षणात दिसलं. थोडे दिवस म्हणजे किती, ते रोज सकाळी या डॉक्टरांना विचारायचं, आणि एका सकाळी आपल्याच तोंडाने काढा म्हणायचं. नणंद समोर उभी असेल. नवरा समोर उभा असेल. पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक कार्यात, प्रत्येक भांडणात कुणी तरी म्हणेल, हिने काढायला सांगितलं. परक्या घरातून आलेली ही.

"तुम्ही घ्याल जबाबदारी?" डॉक्टरीण बाईंनी विचारलं.

"नको," सूनबाई म्हणाली.

त्याला तिने काही कारण जोडलं नाही. तिच्याकडे कारणं भरपूर होती, पण एकही तोंडातून आलं नाही. आणि तिने तोंड फिरवलं, पडद्याकडे. डॉक्टरीण बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

खाटेवरून हाताला स्पर्श झाला. आईंचा हात गार होता. नर्स मास्क लावायला गेली तर त्यांनी दुसऱ्या हाताने तो दूर केला. ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांनी थांबून श्वास गोळा केला. खळगा खोल गेला, खांदे वर आले, यंत्र ओरडायला लागलं, तरी त्या सुनेकडेच बघत राहिल्या.

"घेशील?" आता आईंनीच दुसऱ्यांदा विचारलं.

सूनबाई वळली. आईंचे ओठ निळसर पडले होते, आणि त्या पुढच्या श्वासाची जमवाजमव करत होत्या. काय विचारायला, ते तिला माहीत होतं.

"घेईन," ती म्हणाली, आणि नर्सच्या हातातला मास्क घेऊन तिने स्वतःच त्यांच्या तोंडावर बसवला. तिसऱ्यांदा विचारायला तिने त्यांना लावलं नाही.